हा विश्वास कोणाचा ?

ता. ६ जून २०२२ रोजीं सायंकाळीं सहा वाजतां विलायतेंतील हुजूरपक्षाचे पार्लमेंटांतील सभासद आपल्या पुढाऱ्याविषयीं गुप्त मत देण्यासाठीं जमूं लागले. आठ वाजतां मतदान बंद झालें, आणि नऊ वाजतां मागल्या बाकांवरील सभासदांच्या समितीचे अध्यक्ष सर ग्रॅहॅम ब्रॅडी यांनीं निकाल जाहीर केला. मुख्य प्रधान बोरिस जॉन्सन यांजवर आमचा विश्वास आहे असें म्हणणारे २११, नाहीं असें म्हणणारे १४८. नियमाच्या दृष्टीनें जॉन्सनसाहेब जिंकले. निकाल निर्णायक आहे, आतां मागील गोष्टी मागें टाकून कामास लागावें, असें त्यांनीं त्याच रात्रीं सांगितलें.

परंतु ज्या लोकांच्या नांवानें तें राज्य चालतें त्यांची मनःस्थिति तीनच दिवस आधीं लंडनच्या सेंट पॉल देवळाच्या पायऱ्यांवर सर्व जगानें पाहिली होती. राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणास सत्तर वर्षें झाल्याबद्दल ता. ३ जून रोजीं त्या देवळांत उपकारप्रार्थना होती. मुख्य प्रधान सपत्नीक गाडींतून उतरले, तेव्हां कांहीं टाळ्या वाजल्या खऱ्या, पण त्यांबरोबर हुर्योही उठली आणि ती सर्वांस स्पष्ट ऐकूं आली. ही कांहीं मजूरपक्षाची सभा नव्हती. राणीच्या दर्शनाच्या व राजघराण्याच्या आदरानें तासन्‌तास रस्त्याच्या कडेला उभे राहिलेले ते लोक होते. ज्या गर्दींत हुजूरपक्षानें आपले मतदार मोजावे, त्याच गर्दींतून हा आवाज आला. आणि तीन दिवसांनीं २११ सभासदांनीं, आमचा विश्वास आहे, असें सांगितलें. तेव्हां साहजिकच प्रश्न उभा राहतो कीं, हा विश्वास कोणाचा ? या प्रश्नाचें उत्तर विलायतेंतील लोकांस पुढें दोन वर्षांत पुरतेंपणीं मिळालें. तें आपल्याही उपयोगाचें असल्यामुळें आज या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे.

ज्या वाचकांस प्रकरणाचा आरंभ आठवत नसेल त्यांच्याकरितां तो थोडक्यांत सांगतों. ता. १२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकींत जॉन्सन यांच्या नेतृत्वाखालीं हुजूरपक्षास कॉमन्स सभेंत ३६५ जागा व ८० चें मताधिक्य मिळालें. तीन महिने लोटतात न लोटतात तोंच करोनाची सांथ आली, आणि ता. २३ मार्च २०२० रोजीं ज्या मुख्य प्रधानांनीं घराबाहेर पडूं नका म्हणून राष्ट्रास बजावलें तेच हे जॉन्सन. मुलांनीं मरणोन्मुख आईबापांचें अखेरचें दर्शन घेतलें नाहीं. आजीनें नातवंडास कांचेआडून पाहिलें. प्रेतयात्रेस मोजकीं माणसें गेलीं. या दुःखाची जात आमच्या वाचकांस समजावून देण्याचें कारण नाहीं. त्याच मार्चच्या २५ तारखेपासून आपल्या देशांतही टाळेबंदी झाली, आणि आप्ताच्या दहनास जातां न आल्याची खंत ज्या घरांत नाहीं असें घर आपल्याकडे विरळा. लंडनमध्यें थेम्स नदीच्या कांठीं, पार्लमेंटच्या बरोबर समोर, गेलेल्या माणसांच्या आप्तांनीं २०२१ च्या वसंतांत एका लांबच लांब भिंतीवर प्रत्येक मृतामागें एक याप्रमाणें तांबडीं हृदयें रंगविलीं; त्यांची संख्या दीड लक्षांच्या वर गेली.

असें असतां २०२१ च्या अखेरीस वर्तमानपत्रांतून एकामागून एक बातम्या बाहेर पडूं लागल्या कीं, ज्या घरांतून हे हुकूम सुटले त्याच घरांत व त्याच्या आसपासच्या सरकारी कचेऱ्यांत मेजवान्या व मद्यपानाच्या बैठका चालूं होत्या. राणीचे पति प्रिन्स फिलिप यांच्या अंत्यविधीच्या आदल्या रात्रीं, म्हणजे ता. १६ एप्रिल २०२१ रोजीं, डाउनिंग स्ट्रीटवर निरोपाचे दोन समारंभ झाले. आणि दुसऱ्या दिवशीं विंडसरच्या प्रार्थनामंदिरांत ती चौऱ्याण्णव वर्षांची विधवा नियम पाळून एकटीच बसली होती. पोलिसांनीं चौकशी करून ८३ व्यक्तींवर मिळून १२६ दंड बसविले. त्यांत ता. १९ जून २०२० च्या वाढदिवसाच्या बैठकीबद्दल खुद्द मुख्य प्रधानांस व त्यांचे अर्थमंत्री ऋषि सुनक यांस ता. १२ एप्रिल २०२२ रोजीं दंड झाला. अधिकारावर असतां कायदा मोडल्याबद्दल दंड झालेला हा त्या देशाचा पहिलाच मुख्य प्रधान. दंडाची रक्कम क्षुल्लक होती. लोकांचा संताप रकमेबद्दल नव्हताच. नियम पाळून ज्यांनीं आपलें माणूस एकट्यानें जाऊं दिलें, त्यांस नियम करणाऱ्यांनीं मूर्ख ठरविलें, हा तो संताप होता. शिवाय, सर्व नियम पाळले गेले, असें जॉन्सन यांनीं डिसेंबर २०२१ मध्यें भर सभेंत सांगितलें होतें. सभेस असें सांगणें हें बुद्धिपुरःसर दिशाभूल करणारें होतें, असा निष्कर्ष कॉमन्स सभेच्याच हक्कसमितीनें जून २०२३ मध्यें काढला.

आतां या संतापाची दाद लागावी कोठें ? पुढील सार्वत्रिक निवडणूक दूर होती. दाद लागण्याची जागा एकच होती, ती म्हणजे पक्षाची बंद खोली. तिचे नियम पाहण्यासारखे आहेत. १९६५ पर्यंत हुजूरपक्षांत पुढाऱ्यासाठीं मतदानच होत नसे. वडीलधारी मंडळी आपसांत कानगोष्टी करून एक नांव पुढें करीत. त्या वर्षीं प्रथम पार्लमेंटांतील सभासदांनीं मतें देऊन एडवर्ड हीथ यांस निवडलें. १९९८ सालीं विल्यम हेग पुढारी असतां नियम पुन्हां बदलले. पुढाऱ्याची अखेरची निवड पक्षाच्या वर्गणीदारांकडे गेली, आणि असलेल्या पुढाऱ्यास ठेवावयाचें कीं काढावयाचें हा निर्णय पार्लमेंटांतील सभासदांकडे राहिला. जॉन्सन यांच्या वेळच्या नियमाप्रमाणें शेंकडा १५ सभासदांनीं समितीच्या अध्यक्षांस अविश्वासाचें पत्र लिहिलें म्हणजे मतदान घ्यावें लागे. पक्षाचे सभासद ३५९, तेव्हां पत्रें ५४ लागत. तीं कोणीं लिहिलीं, किती आलीं, हें एका अध्यक्षावांचून कोणास ठाऊक नसे. मतदान गुप्त. निम्म्याहून एक मत अधिक पडलें कीं पुढारी राहिला, आणि मग बारा महिने त्याच्याविरुद्ध असें मतदान होऊं नये असा नियम.

या व्यवस्थेंतील मुख्य दोष व्यापाऱ्यास लगेच दिसेल. जिंकण्यास १८० मतें पुरेशीं होतीं. आणि त्या ३५९ सभासदांपैकीं मंत्री, उपमंत्री, प्रतोद व मंत्र्यांचे बिनपगारी सहाय्यक धरून दीडशेंहून अधिक जण मुख्य प्रधानांनीं दिलेल्या पदावर बसलेले होते. मतदान गुप्त असल्यानें त्यांपैकीं कोणीं काय केलें हें सांगतां येत नाहीं, व त्यांतील प्रत्येकानें धन्याची बाजू घेतली असेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु धनी गेला तर आपली जागा जाईल हें ज्यास ठाऊक आहे त्यासच धन्याविषयीं पंच नेमणें, हें कोणत्या न्यायांत बसतें ? वकिलीच्या धंद्यांतलें अगदीं पहिलें सूत्र हें कीं, ज्याचें हित गुंतलें आहे त्यानें त्या दाव्यांत न्यायाधीश होऊं नये. दोन बिघे जमिनीच्या तंट्यांत आपण जें चालूं देत नाहीं, तें एका राष्ट्राच्या कारभारांत चालावें हें आश्चर्य होय.

आमचे व्यापारी वाचक दुसऱ्या एका दृष्टीनें या गोष्टीचा विचार करतील. समजा, एखाद्या जुन्या पेढीच्या मुख्य चालकानें ठेवीदारांशीं खोटा व्यवहार केला, व बाजारांत त्याची बोलवा झाली. पेढीचे भागीदार व मुनीम यांनीं माडीवर बसून दारें लावून मतें घेतलीं, आणि खालीं येऊन सांगितलें कीं, चालकावर आमचा विश्वास २११ विरुद्ध १४८ असा ठरला आहे, सबब पेढीची पत कायम आहे. तर दुसऱ्या दिवशीं त्या पेढीची हुंडी कोणी सकारील काय ? उलट बाजारांतला शहाणा मनुष्य असें म्हणेल कीं, घरांतल्या पांच माणसांपैकीं दोघे ज्यास चोर म्हणतात, त्याच्याकडे आपण आपली रक्कम कां ठेवावी ? पत ही भागीदारांच्या ठरावानें उत्पन्न होत नाहीं. ती बाजारांत असते किंवा नसते. राज्याची पत जनतेंत असते. ता. ६ जूनच्या रात्रीं हुजूरपक्षानें जें केलें तें इतकेंच कीं, पत गेली आहे हा पुरावा आपल्याच सहीशिक्क्यानिशीं बाजारांत मांडला, आणि चालक मात्र गादीवर ठेवला. म्हणूनच त्या निकालानें लोकांचा राग शमला नाहीं, वाढला. ज्यांस जॉन्सन नको होते त्यांस ते राहिले म्हणून राग. आणि ज्यांस हवे होते त्यांसही, आमच्या माणसाचे पाय घरच्यांनींच कापले, म्हणून राग.

दुसऱ्या बाजूचें म्हणणेंही ऐकून घेतलें पाहिजे. पहिला आक्षेप असा कीं, पार्लमेंटरी राज्यपद्धतींत मुख्य प्रधान हा सभासदांच्या बळावर उभा असतो. त्यास रोज जवळून पाहणारे तेच. तेव्हां निर्णय त्यांनींच करावा. हें खरें आहे, आणि पुढाऱ्यास काढण्याचा अधिकार सभासदांपासून काढून घ्यावा असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचें युद्ध पेटलें होतें, महागाई वाढत होती. अशा वेळीं सुकाणूवरचा माणूस बदलूं नये. यास त्यांचाच इतिहास उत्तर देतो; तें पुढें येईलच. तिसरा आक्षेप असा कीं, मत गुप्त नसेल तर सभासद भिऊन बोलणारच नाहींत. यांतही तथ्य आहे. परंतु गुप्त मताची योजना दुबळ्या मतदारास जबरदस्तापासून वांचविण्यासाठीं आहे. ज्यास हजारो लोकांनीं आपल्या वतीनें बोलण्यासाठीं निवडून पाठविलें, तो स्वतःच्या मालकांपासूनच आपलें मत लपवूं लागला, तर त्यास मुखत्यार तरी कां म्हणावें ? कुळानें वकीलपत्र द्यावें आणि वकिलानें कोर्टांत काय सांगितलें हें कुळास कळूं नये, असा हा प्रकार आहे.

त्यांच्याच इतिहासांत पाहूं. मे १९४० मध्यें नॉर्वेच्या मोहिमेंतील अपयशावरून कॉमन्स सभेंत वाद झाला. ता. ८ मे रोजीं मतें पडलीं, तीं उघड. मुख्य प्रधान नेव्हिल चेंबरलेन २८१ विरुद्ध २०० मतांनीं जिंकले. ८१ चें मताधिक्य कांहीं लहान नव्हतें. परंतु एरवींच्या त्यांच्या मताधिक्याच्या मानानें तें फार घसरलेलें होतें, सरकारपक्षाचे चाळीसएक अनुयायी विरुद्ध गेले होते, व आणखी कित्येकांनीं मतच दिलें नव्हतें. चेंबरलेन यांनीं आंकड्यामागचा अर्थ ओळखला आणि ता. १० मे रोजीं ते पायउतार झाले. त्या वेळीं युक्रेनचें नव्हे, खुद्द त्यांच्या देशाचें युद्ध चालूं होतें. जर्मन सैन्य त्याच दिवशीं हॉलंड व बेल्जममध्यें शिरलें. तरी सुकाणूवरचा माणूस बदलला, व बदलल्यानें जहाज बुडालें नाहीं. नोव्हेंबर १९९० मध्यें मार्गारेट थॅचर यांस पहिल्या फेरींत २०४ व प्रतिपक्षी हेसेल्टाइन यांस १५२ मतें मिळालीं. तेव्हांच्या नियमास लागणारें अंतर चार मतांनीं हुकलें, आणि दोन दिवसांनीं त्यांनीं माघार घेतली. ता. १२ डिसेंबर २०१८ रोजीं थेरेसा मे २०० विरुद्ध ११७ अशा जिंकल्या; सहा महिन्यांच्या आंतच, ता. २४ मे २०१९ रोजीं, त्यांस राजीनाम्याची घोषणा करावी लागली. जॉन्सन यांच्या विरुद्ध पडलेलीं मतें शेंकडा ४१, म्हणजे मे यांच्या विरुद्ध पडलेल्या मतांहून प्रमाणानें अधिक होतीं. तेव्हां विश्वासाच्या ठरावांत जिंकणारा टिकतोच असें नाहीं, हा धडा त्या देशास नवीन नव्हता. नवीन होती ती फक्त तो धडा न वाचण्याची हौस.

पुढें जें झालें तें सर्वांस ठाऊक आहे. नऊ दिवसांनीं, ता. १५ जून रोजीं, मंत्र्यांच्या वर्तनाविषयीं मुख्य प्रधानांस सल्ला देणारे लॉर्ड गाइट यांनीं राजीनामा दिला. ता. २३ रोजीं दोन पोटनिवडणुका झाल्या, आणि बंद खोलींत ज्यांस मत नव्हतें त्यांस प्रथमच मत देण्याची संधि मिळाली. वेकफील्डची जागा मजूरपक्षानें घेतली. टिव्हर्टन व हॉनिटन या शेतकरी मुलखांत हुजूरपक्षाचें २४,२३९ चें मताधिक्य होतें. तें एका दिवसांत पुसून लिबरल डेमोक्रॅट पक्षाचा उमेदवार निवडून आला. दुसऱ्या दिवशीं पक्षाचे अध्यक्ष ऑलिव्हर डाउडेन यांनीं पद सोडलें. मग एका उपप्रतोदाच्या गैरवर्तनाच्या प्रकरणांत सरकारनें दिलेली माहिती खोटी ठरली. ता. ५ जुलै रोजीं साजिद जाविद व ऋषि सुनक यांनीं मंत्रिपदें सोडलीं, त्यांच्यामागून दोन दिवसांत पन्नासांवर लहानमोठे पदाधिकारी गेले, आणि ता. ७ जुलै रोजीं जॉन्सन यांनीं पुढारीपण सोडत असल्याचें जाहीर केलें. बारा महिन्यांचें अभय देणारा तो निर्णायक विश्वास एकतीस दिवस टिकला.

येथें गोष्ट संपती तर बरें होतें. परंतु बंद खोलीची संवय एकदां लागली म्हणजे सहज सुटत नाहीं. पुढल्या पुढाऱ्याची निवड पक्षाच्या सुमारें १ लक्ष ७२ हजार वर्गणीदारांकडे गेली. त्यांनीं सप्टेंबर २०२२ मध्यें लिझ ट्रस यांस ८१,३२६ व सुनक यांस ६०,३९९ मतें दिलीं. राष्ट्राचे मतदार पावणेपांच कोटींच्या घरांत, आणि मुख्य प्रधान ठरविणारे पावणेदोन लक्षांहून कमी ! ट्रसबाईंच्या अर्थसंकल्पी घोषणांनीं बाजार गडगडला, ता. २० ऑक्टोबर रोजीं त्यांनींही राजीनामा जाहीर केला. मग सुनक अविरोध आले. एका वर्षांत तीन मुख्य प्रधान झाले, आणि त्यांपैकीं दोघांसाठीं सामान्य मतदारास एकदांही विचारलें गेलें नाहीं. ता. ४ जुलै २०२४ रोजीं जेव्हां अखेर विचारलें गेलें, तेव्हां ३६५ जागांचा पक्ष १२१ वर आला. या पराभवास महागाई, दवाखान्यांतील रांगा, चौदा वर्षांच्या कारभाराचा कंटाळा, अशीं दुसरींही अनेक कारणें होतीं, हें आम्ही जाणतों. पण ज्या लोकांस वेळीं विचारलें नाहीं ते उशिरां विचारल्यावर व्याजासह उत्तर देतात, हेंही एक कारण होतें.

केवळ हुजूरपक्षच दोषी असें समजूं नये. जून २०१६ मध्यें मजूरपक्षाच्या सभासदांनीं आपले पुढारी जेरेमी कॉर्बिन यांजवर १७२ विरुद्ध ४० मतांनीं अविश्वास दाखविला. तेथें तो ठराव पुढाऱ्यास बंधनकारक नव्हता. कॉर्बिन हलले नाहींत, व सप्टेंबरांत पक्षाच्या मतदारांनीं त्यांस शेंकडा ६१ हून अधिक मतांनीं पुन्हां निवडलें. एका पक्षांत बहुतेक सभासद विरुद्ध असून पुढारी राहतो, दुसऱ्यांत निम्म्याहून थोडे अधिक बरोबर म्हणून राहतो. दोहोंकडे कारभाराचें फळ भोगणारा सामान्य मनुष्य दाराबाहेर उभा.

विलायतेकडे बोट दाखवून हंसावें असा आमचा हेतु नाहीं. पार्लमेंटरी राज्यपद्धति आपण त्यांच्याकडून पाहून, आपल्या इच्छेनें, आपल्या राज्यघटनेंत घेतली. तेव्हां त्यांच्या घरांत भिंतीस तडा गेला तर आपली भिंत पाहणें हें आपलें काम. योगायोग असा कीं, त्याच जून महिन्यांत मुंबईंतही पुढाऱ्यावरील विश्वासाचाच प्रश्न उपस्थित झाला होता. ता. २० जूनच्या रात्रीं शिवसेनेचे कांहीं आमदार एकनाथ शिंदे यांजबरोबर प्रथम सुरतेस व तेथून गुवाहाटीस गेले. ता. २९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमताची चांचणी थांबविण्यास नकार दिल्यावर मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीं चांचणीस सामोरे न जातां राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशीं शिंदे यांचा शपथविधि झाला, आणि ता. ४ जुलै रोजीं नव्या सरकारनें १६४ विरुद्ध ९९ मतांनीं विश्वासाचा ठराव जिंकला. ता. ११ मे २०२३ च्या निकालांत पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें, ही चांचणी बोलाविण्यास राज्यपालांपुढें पुरेसें कारण नव्हतें, असें ठरविलें. पण ठाकरे यांनीं आपण होऊन राजीनामा दिला असल्यामुळें मागील स्थिति परत आणतां येत नाहीं, असाही निर्णय दिला.

यांत कोणाची बाजू खरी हा आजचा विषय नव्हे. ज्यानें त्यानें आपल्या विवेकाप्रमाणें तें ठरवावें. आमचें म्हणणें निराळें आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या कायद्यानें आमदारास पक्षाच्या आज्ञेशीं बांधलें. एकतृतीयांशांनीं फुटण्याची जी सवलत त्यांत होती ती २००३ सालीं काढून टाकली. वाजारांतल्या मालाप्रमाणें प्रतिनिधींची खरेदी-विक्री थांबवावी हा हेतु चांगलाच होता. परंतु पुढाऱ्यावर आमचा विश्वास उरला नाहीं, असें आमदारांनीं दिवसाढवळ्या, पक्षांत राहून, पद न गमावतां म्हणावें, अशी वहिवाट आमच्या पक्षांत जवळजवळ नाहीं. ज्या घरास पुढचें दार नसतें त्या घरांतलीं माणसें रात्रीं खिडकींतून उतरतात. विलायतेंत १४८ सभासदांनीं आपल्या पुढाऱ्याविरुद्ध मत दिलें व दुसऱ्या दिवशीं ते त्याच पक्षाच्या बाकांवर येऊन बसले. कोणास दूरच्या शहरांतील हॉटेलांत जाऊन राहण्याची गरज पडली नाहीं. हा त्यांचा गुण मोकळ्या मनानें कबूल केला पाहिजे. त्यांच्याकडे कौल घेतात, पण तो जनतेचा नसतो. आमच्याकडे कौल घेण्याचीच रीत नाहीं, आणि मतदारास बातमी सकाळीं वर्तमानपत्रांतून कळते.

तर मग करावें काय ? आमच्या मतें चार गोष्टी केल्यास पुष्कळ काम होईल. पहिली, प्रत्येक पक्षानें आपल्या घटनेंत पुढाऱ्यावरील विश्वासाचें मत घेण्याची स्पष्ट रीत लिहून ठेवावी, आणि तसें मत देणें हें पक्षांतर समजूं नये असा खुलासा कायद्यांत करावा. दुसरी, ज्यांचीं पदें त्या पुढाऱ्याच्या मर्जीवर आहेत त्यांचीं मतें निराळीं मोजून निराळीं जाहीर करावीं. मग २११ चा खरा अर्थ लोकांस आपोआप कळेल. तिसरी, नुसतें अर्ध्याहून एक अधिक हें विश्वासाचें माप मानूं नये. काढण्यास अर्धें लागोत; पण ज्याच्यावर स्वपक्षाच्याच एकतृतीयांशाहून अधिकांचा अविश्वास आहे, त्यानें सर्व राष्ट्राच्या विश्वासाची भाषा बोलूं नये, व ठरलेल्या मुदतींत जागा रिकामी करावी. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, प्रतिनिधीनें आपलें मत आपल्या मतदारसंघांत जाहीर सभेंत कारणांसह सांगावें. हें कोणत्याही कायद्यानें करवितां येणार नाहीं. मतदारांनीं विचारलें तरच तें घडेल.

ही शेवटची गोष्ट आमच्या वाचकांच्या हातांत आहे, म्हणून तिच्यावर आमचा अधिक भर. आपण दुकानांतील गुमास्त्याकडे महिन्याअखेर हिशेब मागतों. गिरणीच्या सभेंत भागधारक म्हणून उभे राहून चालकास प्रश्न विचारतों. परंतु ज्यास पांच वर्षांचें मुखत्यारपत्र दिलें त्यास एकदांही विचारीत नाहीं कीं, तूं परवां कोणावर विश्वास टाकलास, कां टाकलास, आणि आम्हांस विचारून टाकलास काय? टिव्हर्टनच्या मतदारांनीं जें मतपेटींत विचारलें, तें आधींच सभेंत विचारलें असतें, तर त्यांच्या प्रतिनिधींस बंद खोलींत शिरण्यापूर्वीं उत्तर तयार ठेवावें लागलें असतें.

थेम्सच्या कांठच्या त्या भिंतीवरील तांबडा रंग पावसापाण्यानें फिका पडूं लागला, तेव्हां मृतांचे आप्त पुन्हां कुंचले घेऊन आले व एकेक हृदय नव्यानें रंगवूं लागले. नदीपलीकडे पार्लमेंटच्या इमारतींत विश्वासाचे ठराव मांडले गेले, जिंकले गेले व विसरले गेले. लोक इतक्या लवकर विसरत नाहींत. ज्या पुढाऱ्यास आपल्यावर विश्वास आहे कीं नाहीं हें खरोखर जाणून घ्यावयाचें असेल, त्यानें खोलींतील मतें मोजून झाल्यावर एकदां नदी ओलांडून त्या भिंतीपाशीं उभें राहावें, आणि कुंचला हातांत घेतलेल्या माणसाच्या डोळ्यांस डोळा देतां येतो काय तें पाहावें.